काटामारी

लिफ्ट बंद होती म्हणूनच तो वर आला. नाहीतर मावशींना खाली सोडायचं आणि कोपऱ्यावर चहा पीत बसायचं, एवढाच त्याचा बेत होता. एका हाताने त्यांना सावरत, दुसऱ्या हातात त्यांची ओली छत्री धरून तो दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत शिरला आणि छत्रीतलं सगळं पाणी त्याने दारातल्या कोरड्या पायपुसण्यावर झटकलं.

"छत्र्यांसाठी तिथे बादली आहे," आतून आवाज आला.

"आता दिसली," तो म्हणाला.

अशी ही ओळख झाली. प्रेमकथेला लागतं तसं तिच्यात काहीच नव्हतं, आणि तो आवाज जिचा होता तिची त्याबद्दल काही तक्रारही नव्हती. तिचं कामच मुळी तटस्थपणाचं. ती स्नायूचाचणी करायची. समोरच्याने हात खांद्याच्या रेषेत पुढे धरायचा, एखादं वाक्य बोलायचं, आणि तिने त्याच्या मनगटाजवळ दोन बोटांनी हलकेच दाबायचं. हात टिकला तर शरीराचा होकार, खाली गेला तर नकार. झोप का येत नाही, कोणती उशी सोसत नाही, कसली काळजी आत ठाण मांडून बसली आहे, असले प्रश्न घेऊन लोक यायचे. काहींचा तिच्यावर गाढ विश्वास होता, काही जण हसायचे. हसणाऱ्यांशी ती वाद घालत नसे.

तिला शिकवणाऱ्या बाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. दाबणाऱ्याला अमुकच उत्तर हवं असेल, तर त्याने सरळ हात मागे घ्यावा, कारण मनातलं बोटांना आधी कळतं. तेव्हापासून तिने कशाचीच फार ओढ लावून घ्यायची नाही अशी सवय केली. ती इतकी अंगवळणी पडली की आईने दाखवलेल्या प्रत्येक स्थळाला ती "चांगलं आहे" एवढंच म्हणायची, आणि आई कपाळाला हात लावायची.

मावशींची अडचण वेगळीच होती. दोन्ही खांदे आखडलेले, हात काही केल्या वर जाईना.

"डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम चालू आहेत ना?" तिने विचारलं.

"आहेत गं. खांद्यासाठी नाही आले मी, झोपेसाठी आले. पण हातच वर होत नाही, तर तू झोपेचं विचारणार कसं?"

"उसना हात घेऊ. हे एक हात तुमच्या खांद्यावर ठेवतील, दुसरा माझ्यासमोर धरतील. प्रश्न तुमचे, हात यांचा."

"माझा?" तो एव्हाना दारापर्यंत पोचला होता.

"घड्याळ काढा. आणि हे पाणी प्या."

"मला तहान नाही."

"तहानेसाठी नाही देत. चाचणीआधी प्यावं लागतं."

तो पाणी प्यायला, त्याने घड्याळ काढलं. उन्हाने रापलेल्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी गोरी पट्टी उघडी पडली. तिथेच तिने बोटं टेकवली.

"आधी हात खरं बोलतो का बघू. म्हणा, मी पुरुष आहे."

तो म्हणाला. हात टिकला.

"आता म्हणा, मी बाई आहे."

"म्हणायलाच हवं?"

"हो."

"मी… बाई आहे." हात खाली गेला. मावशी पोट धरून हसल्या.

"चला, काट्या, सिद्ध झालं एकदाचं!"

काट्या हे त्याचं घरातलं नाव. वजनमापं तपासण्याच्या सरकारी खात्यात तो निरीक्षक होता. दुकानोदुकानी फिरून तराजूचे काटे बघायचे आणि खोटा आढळला की दंड ठोकायचा, हे त्याचं रोजचं काम. अंगानेही तो काटकुळाच होता, त्यामुळे नाव चिकटायला वेळ लागला नसावा.

"दुसऱ्या वेळी तुम्ही किंचित जास्त दाबलंत," तो म्हणाला.

"मुळीच नाही."

"किंचित म्हणालो मी. दुकानदार काटा मारतो ना, तेव्हा मालाकडे नाही बघायचं, अंगठ्याकडे बघायचं. जोर लावला की नख पांढरं पडतं."

तिने आपल्या नखांकडे पाहिलं. "माझं पडलं?"

"नाही. म्हणून तर काटा मारलात असं म्हटलं नाही."

"उपकार झाले!" ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की आपण वाद घालतो आहोत.

पुढल्या गुरुवारी लिफ्ट सुरू झाली, तरी तो वर आला. "मध्येच बिघडली तर?" असं त्याने न विचारताच सांगितलं. त्याच्या पुढल्या गुरुवारी त्याने तेही सांगितलं नाही. मावशींसाठी उशा तपासून झाल्या, संध्याकाळचा चहा तपासून झाला, लेकीच्या काळजीवर हात दोनदा ढेपाळला. मावशी हळूहळू झोपू लागल्या.

"आज बोटं गार नाहीत तुमची," एकदा तो म्हणाला.

"पाऊस नाही ना आज."

"बाहेर धो धो चाललाय."

त्याच्या मनगटाला लावण्याआधी ती बोटं एकमेकांवर चोळून उबदार करत होती. दुसऱ्या कोणासाठी तिने असं केलं नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला ते आवडलं नाही. खरं सांगायचं तर आवडलं, आणि तेच तिला आवडलं नाही.

मग तो गुरुवार आला.

"माझी झोप झाली बाई जाग्यावर," मावशी खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. "आज माझं काही नाही. याचं विचार. वर्षानुवर्षं जिची वाट बघितली ती बढती आलीय, पण बदलीवर. लांबच्या गावी. होय की नाही ते उद्या कळवायचंय, आणि हा नुसता डोकं खाजवतोय."

हे मी विचारत नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. हात मागे घ्यायचा तो हाच क्षण, हे तिला पक्कं माहीत होतं. पण त्याने घड्याळ काढलं, न सांगता तो पाणी प्यायला, आणि त्याने हात पुढे धरला. मावशींच्या खांद्यावर आज त्याचा दुसरा हात नव्हता.

"म्हणू?"

"म्हणा."

"मी ही बदली घ्यावी."

तिने दाबलं. हात खाली गेला, पार गुडघ्यापर्यंत.

"नकार," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून त्यांना बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही.

"ठरलं तर. उद्या नाही म्हणून कळवतो." तो घड्याळ बांधू लागला. "बरोबर ना?"

"शरीर म्हणतं तसं," ती म्हणाली.

ते गेले. लिफ्टचं दार आपटल्याचा आवाज आला. तिने हात खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही नखं आता गुलाबी होती, पण दाबताना ती पांढरी पडलेली तिने पाहिली होती.

गप्प बसलं तर तो राहणार होता. पुढल्या गुरुवारीही आला असता, त्याच्या पुढल्याही. करायचं काहीच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर ती तरबेज होती. कोणाला कधी कळलंही नसतं. पण एका माणसाने वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली, ते तिने दोन बोटांनी खाली पाडलं होतं. उद्यापासून दुसऱ्या कोणाचं मनगट ती कोणत्या तोंडाने धरणार होती? आणि त्याचं तर नाहीच.

चपला घालायलाही न थांबता ती जिना उतरू लागली. मधल्या वळणावर तो वर येताना भेटला.

"छत्री राहिली," तो म्हणाला.

"नकार कळवू नका," ती म्हणाली. दोघं एकदमच बोलले.

"का?"

"चाचणी खोटी होती. मी… मी जोर लावला. हात टिकला असता कदाचित. मी पाडला."

"का पाडलात?"

जिन्याच्या जाळीतून पावसाचे बारीक तुषार आत येत होते. ती कठड्याला धरून उभी राहिली.

"तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं म्हणून." मग तिने ते दुरुस्त केलं. "वाटतं म्हणून."

त्याने घड्याळाचा पट्टा उगाच सैल केला, पुन्हा घट्ट केला.

"माहीत होतं," शेवटी तो म्हणाला. "नखं पांढरीफटक पडली होती."

"मग तिथेच का नाही धरलंत?"

"कसा धरणार? तुमची बोटं टेकायच्या आधीच मी हात ढिला सोडला होता."

ती बघतच राहिली. "म्हणजे तुम्ही—"

"मीही. दुकानदार आणि गिऱ्हाईक, दोघांनी मिळून काटा मारलाय. असं प्रकरण माझ्याकडे अजून आलं नव्हतं."

तिला हसू आलं, आणि हसताना डोळेही भरून आले. ते लपवायला म्हणून तिने विचारलं, "तुमच्या खात्यात काटामारीला काय करतात?"

"दंड."

"किती?"

"किती नाही, कोणता ते विचारा." तो म्हणाला, "उजवा."

तिला क्षणभराने उमगलं. तिने उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढे धरला. आजवर तिच्यापुढे इतक्या जणांनी हात धरले, पण हे असं उघड्यावर उभं राहणं किती अवघड असतं, ते तिला आज कळत होतं.

"पाणी प्यायलात?"

"मुकाट्याने दाबा."

"म्हणा मग. तुम्ही ही बढती घ्यावी."

"तुम्ही ही बढती घ्यावी," ती म्हणाली. त्याने दाबलं, चांगला जोर लावून दाबलं. हात टिकला. त्याचा चेहरा जरा उतरला.

"बढती तुमची आहे," ती म्हणाली. "माझ्यामुळे ती जायला नको."

त्याने बोटं उचलली. "आणखी एक वाक्य. तुम्ही गेलात तरी मला काही फरक पडत नाही."

"तुम्ही गेलात तरी मला…"

हात खाली गेला.

"मी अजून बोट लावलं नव्हतं," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे."

खालून मावशींची हाक आली. "काट्या, अरे छत्री आणायला गेलास की शिवायला?"

"आलो, मावशी!" तो ओरडला, पण जागचा हलला नाही. "उद्या होकार कळवतो. गुरुवारी नाही जमायचं मग. रविवारी येईन."

"रविवारी मी खोली उघडत नाही."

"चाचणी कोणाला हवीय?"

तिचा पडलेला हात त्याने उचलून आपल्या हातात घेतला. तिनेही तो मागे घेतला नाही.