एका अक्षराची दुरुस्ती

रघुनाथ मालशे यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्याही झाल्या. पण सत्कारमूर्तीचं लक्ष सगळं मागच्या फलकाकडे. फलकावर मांडववाल्याने ‘हार्दीक’ असं लिहून ठेवलं होतं. ‘दि’ ऱ्हस्व हवा. ‘उसंत’ यंत्रणेतून न गेलेला मजकूर हा असा असतो, असं मनाशी म्हणत त्यांनी शाल सावरली आणि तरीही तीनदा मागे वळून पाहिलं.

मालशे चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढणारे. लाल पेन्सिल जणू त्यांच्या कानाचा भाग झाली होती. लग्नपत्रिका आली की तारीख पाहायच्या आधी ते वेलांट्या पाहायचे. अशा माणसाचा एरवी कुणी सत्कार करत नाही, घरचेसुद्धा. पण मिरजेच्या उसंत केंद्राने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

उसंत आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याशिवाय लोक कसे जगत असतील, याचं लहान मुलांना नवल वाटतं. आठ वर्षांपूर्वी चुकीच्या बटणावर पडलेल्या एका बोटामुळे एक अख्खं मंत्रिमंडळ कोसळलं आणि कायदा झाला. तेव्हापासून पाठवलेला ईमेल लगेच जात नाही. तो वीस मिनिटं थांबतो. त्या वीस मिनिटांत जे घडतं ते शोधणाऱ्यांच्या बुद्धीला दाद द्यायला हवी. माणसाने जन्मभर लिहिलेल्या, खोडलेल्या, पाठवता पाठवता हात आखडलेल्या मजकुरावरून त्याच्या मनाची एक गणिती प्रतिकृती तयार केलेली असते. तिला प्रतिमन म्हणतात. यंत्रात काळ भरधाव पळवता येतो. त्यामुळे इकडे वीस मिनिटं होतात, तोवर तिकडे प्रतिमन तो ईमेल गेल्यानंतरची दहा वर्षं जगून मोकळं होतं. मग त्याला एकच प्रश्न विचारतात: हे लिहिल्याचा पश्चात्ताप होतोय का? ज्या वाक्याबद्दल ‘हो’ असं उत्तर येतं, ते वाक्य गळतं किंवा बदलतं आणि मग ईमेल पुढे जातो.

पाठवणाऱ्याला याचा पत्ता नसतो. त्याच्या ‘पाठवलेले’ या कप्प्यात त्याचा मूळ मजकूरच दिसतो. पहिल्या वर्षी लोकांना कळवून पाहिलं होतं, पण रागावलेला माणूस असं कळवल्यावर दुप्पट रागावतो. तेव्हा ती सोय काढून टाकण्यात आली. लोकही विसरले. दुरुस्ती होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त ती दुसऱ्यांच्या मजकुराची होते असं प्रत्येकाला वाटतं.

यात मालशेंचा वाटा असा, की पश्चात्तापाचा शब्द काढल्यावर त्याजागी मराठीत कोणता शब्द बसवायचा, याची नियमावली त्यांनी लिहून दिली होती. तीनशे चाळीस नियम, सगळे स्वतःच्या अक्षरात.

सत्कारानंतर केंद्राच्या प्रमुख डॉ. केतकी नाईकनवरे त्यांना आपल्या खोलीत चहाला घेऊन गेल्या. बाई पस्तिशीच्या, हसऱ्या, आणि आपल्या कामावर इतक्या खूश की समोरच्यालाही खूश असणं भाग पडावं.

“सर, तुमचा सर्वांत लाडका नियम कुठला ठरलाय, सांगू? दोनशे बारावा!”

“दोनशे बारावा?” मालशेंनी डोळे मिटून आठवलं. “निरोपाचा. ‘जातो’, ‘जाते’ अशुभ. ‘येतो’, ‘येते’ लिहावं.”

“तोच! आतापर्यंत चाळीस लाख वेळा लागू झालाय. किती गोड नियम आहे हो! कुणी निघताना चिडून ‘मी जाते’ लिहितं, आणि समोर पोचतं ‘मी येते’. एका अक्षराची दुरुस्ती, पण घरंच्या घरं वाचली असतील.”

मालशेंनी कप बशीत ठेवला. तो ठेवताना चहा सांडला आणि त्यांनी तो पुसलाही नाही, यावरून काय ते समजावं.

मालशेंना एकच मुलगी, शलाका. आई लवकर गेली. वाढवलं यांनीच, म्हणजे बहुतेक दुरुस्त्या करत करत. शाळेला निघताना पोरगी दारातून ओरडायची, “बाबा, मी जाते!” आणि आतून ठरलेला आवाज यायचा, “जाते नाही, येते म्हणावं!” ती मुद्दाम परत “जाते” म्हणून पळायची. मोठी झाली, भूगर्भशास्त्र शिकली आणि मंगळावरच्या वसाहतीसाठी तिची निवड झाली. तिकडे जायचं यान होतं, यायचं नव्हतं. मालशे म्हणाले, हे खूळ सोडणार नसशील तर माझ्याशी बोलू नकोस. आणि खरंच त्यांनी फोन घेणं बंद केलं. मानी माणूस, आतून तुटत होता, पण फोन वाजला की रेडिओ मोठा करायचा.

चार वर्षांपूर्वी, उड्डाणाच्या आठवडाभर आधी तिचा ईमेल आला होता. एवढाच: ‘बाबा, मी येते.’

मालशेंना आनंदाने रडू फुटलं होतं. पोरगी वठणीवर आली, येतेय! त्यांनी लगेच उत्तर धाडलं, तिची खोली झाडून घेतली, शेजारच्या काकूंकडून आंबेहळदीचं लोणचं मागून आणलं. आठ दिवस जिन्यात पाऊल वाजलं की उठायचे. ती आली नाही. पंधरा तारखेला बातम्यांत यान उडालं आणि त्यात ती हात हलवताना दिसली. येते म्हणून फसवलं कार्टीने, असं म्हणून त्यांनी मन घट्ट केलं. दरवर्षी मालशेंच्या वाढदिवसाला तिकडून तिचा ‘मजेत आहे’ असा निरोप यायचा. त्यांनी एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

“डॉक्टर,” मालशे म्हणाले, “एका ईमेलचा मूळ मजकूर बघायला मिळेल?”

“नियमात बसत नाही सर. पण तुम्ही काय परके आहात? नियमावलीचे कर्ते तुम्ही!” बाईंनी हौसेने संगणकाचा पडदा पुढे ओढला. “नाव सांगा.”

शलाका रघुनाथ मालशे. आठ तारीख. मूळ मजकूर पडद्यावर आला:

‘बाबा, मी जाते. चौदाच्या सकाळपर्यंत इथेच आहे. मला फार भीती वाटतेय. तुम्ही एकदा नुसतं नको म्हणा, मी नाही जाणार.’

मालशेंनी तो दोनदा वाचला, सवयीने बोट ठेवून. ‘नको’वर बोट थांबलं.

“पुढची वाक्यं कुठे गेली?” त्यांनी विचारलं.

“तिच्या प्रतिमनानं गाळली,” डॉ. नाईकनवरे शिकवल्यासारख्या समजावू लागल्या. “दहा वर्षांनी तिला लाज वाटली असती सर. एवढी कर्तबगार बाई वडिलांपुढे गयावया करते, भीती वाटते म्हणते! राहिलं ‘मी जाते’, त्याला तुमचा नियम लागला.”

“पण मी उत्तर दिलं होतं!” मालशे उभेच राहिले. “मी लिहिलं होतं, ‘ये. पण मंगळाचं खूळ टाकूनच ये, नाहीतर या घराचं दार तुला बंद आहे.’ ते वाचून तरी तिला कळायला हवं होतं की मी तिची वाट बघतोय!”

बाईंनी बटण दाबलं. मालशेंच्या उत्तरातलं पोचलं होतं एकच अक्षर: ‘ये.’

“बाकीचं तुमच्या प्रतिमनाला कठोर वाटलं,” बाई म्हणाल्या. “साहजिक आहे.”

दारातून कुणी ‘येते’ म्हणालं की घरातलं माणूस ‘ये’ म्हणतं. म्हणजे जा, सुखाने जा. हे शलाकाला शिकवलं कुणी? तिने ‘नको’ मागितलं होतं आणि बापाने शांतपणे निरोपाचं ‘ये’ धाडलं होतं. तो दरवाजा बंद करण्याचा दुष्टपणा जसाच्या तसा पोचला असता, तर पोरीने तडक घरी येऊन भांडण काढलं असतं, आणि ती आज इथे असती. मालशेंना हे सगळं एका क्षणात कळलं. ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले.

डॉ. नाईकनवरे दुष्ट नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. “सर, आत्ता लिहा ना तिला. इथूनच लिहा. मंगळाचा सगळा टपाल-मार्ग आमच्याच केंद्रातून जातो.”

मालशेंनी लिहिलं: ‘शलाका, तुझं पत्र मला पोचलंच नाही. मधल्या यंत्राने ते खाल्लं. मी नको म्हणालो असतो. हजारदा म्हणालो असतो. चार वर्षं तुझ्यावर उगाच रागावलो, मला क्षमा कर. – बाबा’

पाठवलं. मग वीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाखाली ते काट्याकडे बघत बसले. त्यांच्याच मनाची एक नक्कल तिथे आत दहा वर्षं म्हातारी होत होती. घड्याळाने वीस मिनिटं पुरी केली, तसं त्यांनी विचारलं, “काय गेलं?”

बाईंनी पडदा त्यांच्याकडे फिरवला.

‘शलाका, तुझं पत्र पोचलं. सुखी राहा. – बाबा’

“हे मी लिहिलेलं नाही!” मालशे ओरडले. “परत बोलवा ते! आता तिला वाटेल, मी तिचं सगळं वाचलं आणि तरी...”

“गेलेलं परत येत नाही सर. आणि दुरुस्ती आम्ही केलेली नाही, तुम्हीच केलीत.” बाई हळुवारपणे म्हणाल्या. “तुमच्या प्रतिमनानं तुमचं मूळ पत्र तिच्या हातात पडलेलं बघितलं. ती तिथून परत येऊ शकत नाही. एका चुकीपायी आपण इथे आलो, हे कळल्यावर ती कशी जगते, ते त्यानं दहा वर्षं बघितलं. त्यापेक्षा तिनं बापाला दगड समजावं, असं त्यानं ठरवलं. पुन्हा लिहिलंत तरी हेच जाईल. शंभरदा लिहा.”

मालशेंनी पडदा जवळ ओढला. ती दोन वाक्यं खरोखर त्यांनीच लिहिल्यासारखी होती. जित्याची खोड, त्यांनी ती पुन्हा तपासली. ऱ्हस्व-दीर्घ ठीक, विरामचिन्हं ठीक. लाल पेन्सिल टेकवायला जागा नव्हती.

त्यांनी नारळ टेबलावरच ठेवला, शाल घडी करून त्याच्या शेजारी ठेवली आणि दाराकडे वळले.

“जातो मी.”

“अहो सर!” डॉ. नाईकनवरे मनापासून हसल्या. “तुम्हीच असं म्हणायचं? दोनशे बारा!”

मालशे उंबरठ्यावर थांबले.

“येतो,” ते म्हणाले.

“या,” बाई म्हणाल्या.