पापुद्रा

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत. तिचं यंत्र होतं मेलं एवढंसं. नळकांड्यात सिलिकॉनच्या चकत्या एकीमागे एक बसवलेल्या आणि तोंडावर केसाहून पातळ धातूचा पापुद्रा. सूर्याकडून सुसाट आलेला भारित कण चकत्या भेदत जातो, प्रत्येकीत थोडी ऊर्जा सांडतो आणि कुठेतरी थांबतो. कुठे थांबला त्यावरून त्याचा जोर कळतो. यंत्र होतं यानाच्या बाहेरच्या भिंतीवर आणि आत होता तिचा सख्खा धाकटा भाऊ. कणांचं वादळ उठलं की यंत्राने आधी ओरडायचं, मग त्याने जाड भिंतींच्या कोठडीत शिरायचं.

हल्ली कमी जोराचे कण चकत्यांपर्यंत पोचेनात. पापुद्र्यावर काहीतरी साचत होतं आणि रोज जाड होत होतं.

"तेलबिल बसलं असेल," साहेब म्हणाले. "त्यातला हीटर लावा, उडून जाईल."

पण ताई पडली संशयी. आधी इथलं जोडयंत्र, म्हणजे प्रयोगशाळेत ठेवलेलं तसलंच दुसरं, बघते म्हणाली. ते हवा काढलेल्या पेटीत बंद होतं, कुणी हातसुद्धा लावला नव्हता. तिने एकटीनेच पेटी उघडली.

तिथेही थर होता. फिकट, ओलसर. जखमेवरची जुनी पट्टी सोडल्यावर येतो तसला कुबट वास. भिंगाखाली बारीक छिद्रं दिसली आणि छिद्राछिद्रातून लव. "शी!" ती मोठ्याने म्हणाली. नाक दाबून तिने चिमट्याने कड ओढली. ती सुटेना. उलट आक्रसली.

"सर, ती कातडी आहे," तिने साहेबांना जाऊन सांगितलं.

"डोंबलाची कातडी! सूर्यावर स्फोट झालाय, वादळ निघालंय. भाऊ वाचवायचाय की नाही?"

वाचवायचा होताच. तिने यानाकडे हीटर लावायची आज्ञा पाठवली.

थोड्या वेळाने खोलीत केस जळल्याचा वास पसरला. इथला हीटर तर बंद होता.

यानाकडून येणारा आलेख निवळला, कमी जोराचे कण पुन्हा दिसू लागले. यंत्र वेळेवर ओरडलं, भाऊ कोठडीत शिरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई बेसिनपाशी ओकत होती.

वादळ ओसरल्यावर यानातून भावाचा आवाज आला.

"ताई, किती हलकं वाटतंय गं!"

"कॅमेरा लाव."

"नको."

"अरे, बघू दे ना तुला."

"नको म्हटलं ना. तुला शिसारी येईल." तो हसला. "चिमट्याने ओढलंस तेव्हासुद्धा शी म्हणालीस."