‘येतो’ एवढं सोडून

“माझा मुलगा जिवंत आहे का, एवढंच सांगा,” गुप्तहेर बाईंसमोरच्या खुर्चीत टेकायच्या आतच आई म्हणाली.

मुलगा मालवाहू जहाजावर. नव्या नंबरवरून त्याचे निरोप रोज येत, फोन मात्र तो उचलत नसे. आई दररोज विचारी, ‘कधी येतोस?’ तेवढं सोडून बाकी सगळ्याला उत्तर येई.

निरोप वाचून डॉक्टरांचे डोळे पाणावले. दवाखाना बंद केल्यापासून ते बाईंबरोबर हिंडत, आणि बाईंच्या आधी हळवं होणं हे त्यांचं ठरलेलं काम होतं.

“किती मायेनं लिहितो हो!”

“तेच तर! पूर्वी ‘जेवलो, झोपतो’ यापुढे गाडी जात नव्हती.”

बाईंनी एक निरोप मोठ्यानं वाचला. “‘शिडीवरून पडलो तेव्हा रडलोसुद्धा नाही, आठवतं ना?’”

“रात्रभर भोकाड पसरलं होतं त्यानं! ह्यांची रात्रपाळी होती.” आईला क्षणभर हसू आलं. “हल्ली हे रोज त्याचं लहानपण विचारत बसतात. एरवी तोंडाला कुलूप.”

निरोप एआयकडून लिहून घेतलेले वाटत होते, आणि डॉक्टरांचा संशय आईच्या धाकट्या मुलीवर होता. ती एआयचंच काम करायची. बाईंनी घरी जाऊन तिला शिडीबद्दल विचारलं.

“दादा? त्याच्या रडण्यानं मलाही झोप नव्हती.”

वडिलांनाही तेच विचारलं. त्यांची मान ताठ झाली. “पठ्ठ्याच्या डोळ्यांतून टिपूस नाही!”

बाईंनी सगळ्यांना बसवलं.

“हे निरोप एआयनं लिहिलेत. त्याला सांगाल तेवढंच कळतं, सांगणाऱ्याच्या चुकीसकट. न रडलेला मुलगा या घरात एकालाच माहीत आहे.”

“पण कशासाठी?” डॉक्टर गोंधळले.

“नुसतं ‘मुलासारखं लिही’ म्हटलं असतं, तर त्यानं आईला कधीच ‘लवकर येतो’ म्हणून टाकलं असतं. एकदाही म्हटलं नाही. म्हणजे कुणीतरी बजावलंय, येण्याचं वचन देऊ नकोस.” बाईंचा आवाज उतरला. “तो येणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, तोच असं बजावेल.”

वडिलांनी खाली पाहिलं. “जहाज बुडालं. कंपनीचा फोन मीच घेतला. तुझं काळीज आधीच नाजूक, जीभच रेटेना. यंत्राला त्याच्याबद्दल सांगायला बसलो, तर चार ओळींत संपला गं माझा मुलगा. म्हणून तुला विचारत होतो.”

मुलीनं तोंडावर हात दाबला. आजवर अशा बातम्या डॉक्टरांनीच लोकांना दिल्या होत्या, पण आता त्यांना वर बघवेना.

आई बराच वेळ रडली. मग उठून नवऱ्याशेजारी बसली.

“आता यंत्राला काही सांगू नका,” ती म्हणाली. “मला सांगा. आणि तो कसा होता, ते मी तुम्हाला सांगते.”