बाण कुणाकडून कुणाकडे

शर्टांच्या कारखान्यात, बेतायच्या टेबलावर कापड, खडू आणि कात्री यांच्याशिवाय चौथी वस्तू ठेवायची नाही, हा मोठ्या बाईंचा नियम. तीस वर्षांत तो मोडायची कुणाची छाती झाली नव्हती. तो मोडला मिरीने. मिरी म्हणजे बाईंची नात, चणीने लहान आणि जिभेने तिखट, म्हणून मिरी. तिने एका दुपारी टेबलाच्या कडेला लॅपटॉप उघडला आणि आजीने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आजी, तुझ्याशिवाय माझं काम अडलंय."

एवढ्यावर बाई विरघळल्या असं कुणी समजू नये. कात्री थांबली, इतकंच.

मिरीला नुकतीच नोकरी लागली होती. तिथे एक वेगळ्या तऱ्हेचा डेटाबेस वापरायचे आणि तिला त्याचं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून घरच्यांना त्यात घालून ती सराव करणार होती. "यात माणूस म्हणजे एक गोल. दोन माणसांचं नातं म्हणजे त्यांना जोडणारी ओळ. आणि ओळीला बाण लागतोच. कुणाकडून कुणाकडे, ते सांगावंच लागतं."

"एवढ्यासाठी यंत्र कशाला? मला विचार ना."

बाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. सही करताना आजही जीभ दातांत धरायच्या. पण कोण कुणाची जाऊ, कोण कुणाची मावससासू, हे त्यांनी शर्टाच्या बाह्या बेतता बेतता सांगितलं, तेही कात्री न थांबवता. बेचाळीस माणसं झाली. एका चुलतसासऱ्यांना दोन बायका होत्या. बाई म्हणाल्या, "त्याही घाल. सवती होत्या, चोर नव्हत्या." मग मिरीने प्रोग्रामला एक नियमच शिकवला. एका पुरुषाच्या दोन बायका दिसल्या की दोघींमध्ये 'सवत' अशी ओळ आपोआप ओढायची.

सुरुवातीला काही केल्या जमेना. पहिला दिवस डेटाबेस उघडण्यात गेला, कारण मिरीने सर्व्हर सुरूच केला नव्हता. दुसरा दिवस एका राहून गेलेल्या अवतरणचिन्हाने खाल्ला. तिसऱ्या दिवशी बाण उलटे पडले आणि बाई आपल्याच मुलाची, म्हणजे कारखान्याच्या मालकाची, मुलगी झाल्या. काजं करणारी बाई हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. "मोठ्या बाई, आता मालकांकडे खाऊ मागा!"

"तू आधी काजं सरळ कर," बाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मिरीने तोच प्रोग्राम चुकून दोनदा चालवला. 'नसेल तर तयार कर' असं सांगायचं, ते तिने नुसतं 'तयार कर' सांगितलं होतं. पडद्यावर बेचाळीसचे चौऱ्याऐंशी गोल झाले. ओळी जोडताना प्रोग्राम नावावरून माणसं शोधायचा. प्रत्येक नावाची दोन माणसं सापडली, आणि सगळे सगळ्यांना जोडले गेले. बाईंच्या नवऱ्याला दोन बायका झाल्या. दोघीही मोठ्या बाईच. दोन गोलांच्या मध्ये यंत्राने इमानेइतबारे ओळ ओढली होती. सवत.

सगळा कारखाना हसला. इस्त्रीवाला तर इस्त्री उभी करून हसला.

बाई हसल्या नाहीत. "ते हयात होते तोवर कुणाची हिंमत झाली नाही," त्या म्हणाल्या. "आता ते गेल्यावर ही कोण टपकली? पूस तिला."

मिरीने जादा गोल पुसले. एक्केचाळीस पटापट गेले. बेचाळिसावा, दुसऱ्या बाईंचा, जाईना. यंत्राचा निरोप आला, हिला पुसता येत नाही, हिची नाती शिल्लक आहेत.

"एकच ओळ राहिलीय," मिरी म्हणाली. "सवतीची. पुसली की पुन्हा उमटते. माझंच काहीतरी चुकतंय. ऑफिसात विचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कारखान्यात आल्या, तर टेबलावर वीस शर्टांच्या पाठी बेतून तयार होत्या. कडा स्वच्छ. प्रत्येक तुकड्याला गळ्याच्या डावीकडे एक बारीक खाच. ती खाच बाईंची खूण.

"कुणी बेतलं हे?"

इस्त्रीवाला गोंधळला. "तुम्हीच की, मोठ्या बाई. मघाशी."

"मी आत्ता येतेय."

त्याने मान खाली घातली आणि कॉलर दाबायला घेतली. वाफेचा फुस्स आवाज तेवढा झाला.

त्या आठवड्यात असं तीनदा झालं. एकदा समोरच्या दुकानदारीण बाईंनी तक्रार केली, "सकाळी हाक मारली, तर नुसतं बघून गेलात." एकदा सून म्हणाली, "आई, औषध मघाशी घेतलंत ना माझ्या हातून?" औषधाची पट्टी खरंच एका गोळीने कमी होती. बाईंच्या तोंडात त्या कडू गोळीची चव मात्र नव्हती.

शनिवारी मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला. तो मऊ आवाजात बोलायला लागला, तेव्हाच बाईंनी ओळखलं.

"आई, थोडे दिवस कात्री राहू दे. वय झालं की विसरायला होतं. त्यात काही कमीपणा नाही."

"कात्री काढून घ्यायला आलास?"

"तसं नाही गं."

"ही कात्री मी तुझ्या जन्माआधी हातात धरली. माझं डोकं कापडासारखं विरलं की सांगेन तुला. तोवर बटणं मोज जा."

तो गेला. बाईंनी कात्री मात्र खाली ठेवली नाही. कात्री गेली की टेबल जाणार. टेबल गेलं की कोपऱ्यातली ती रुंद खुर्ची, चिंध्यांच्या उशीची, जिच्यावर बसून त्या सगळ्यांचं काम तपासत, तीही जाणार. मग उरणार खिडकीजवळची खाट.

त्या संध्याकाळी त्यांनी कुणाला न सांगता खूण बदलली. एका खाचेच्या दोन केल्या, त्याही उजवीकडे. एकच तुकडा तसा कापला, घडी करून पदरात बांधला, कात्रीची दोरी कमरेला गाठ मारून बांधली आणि झोपल्या.

सकाळी टेबलावर तीस तुकडे होते. प्रत्येकाला उजवीकडे दोन खाचा.

कात्री कमरेलाच होती. तिची मूठ कोमट होती.

बाईंनी मिरीला हाक मारली. "उघड ते यंत्र."

मिरीने पडदा उघडला. एकाच ओळीचा तो गोल आता एकटा नव्हता. मुलाकडे ओळ, सुनेकडे ओळ, मिरीकडे ओळ.

"मी यातलं काहीच घातलेलं नाही, आजी."

"पूस."

"ऑफिसात एक हुकूम सांगितलाय. नात्यांसकट पुसायचा. कुणीच वाचत नाही त्यातून." तिचं बोट तसंच वर राहिलं. "पण दोघींची नाती अगदी सारखी झालीत. पहिली कोणती, हेच मला कळत नाही."

"माझ्या तोंडाकडे बघून विचारतेस?"

मिरीने वर पाहिलं. मग पडद्याकडे, मग पुन्हा आजीकडे. तेवढं बाईंना पुरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मला नात्यांसकट पुसणारी अजून जन्मायची आहे."

त्या टेबलावरून वाकल्या आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहून बोलल्या. आवाज रोजचाच, काजं उसवायला सांगायचा.

"सवत आहेस ना? मग सवतीसारखी राहा. मी थोरली, तू धाकटी. मिरी, लिही. थोरलीचा हुकूम धाकटीवर. बाण माझ्याकडून तिच्याकडे."

मिरीने लिहिलं. बोटं दोनदा चुकली. मग तिने कळ दाबली.

काहीच झालं नाही.

दोन दिवस टेबलावर बेतलेला एकही तुकडा सापडला नाही. मुलाने कात्रीचं नाव काढलं नाही. बाईंनी चाळीस शर्ट बेतले, एकही खाच चुकली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी काजं करणारीने चहा आणला. रोज पहिला कप मोठ्या बाईंचा. ती बाईंच्या पुढ्यातून तशीच गेली, कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीपाशी वाकली आणि पहिला कप खुर्चीच्या हातावर अदबीने ठेवला. मग परत आली आणि दुसरा बाईंना दिला. आपण काय केलं, हे तिला कळलंही नव्हतं.

मिरी पडद्यावर वाकली होती. ओठ पांढरे झाले होते.

"आजी," ती कुजबुजली. "बाण उलटा पडलाय."

इस्त्रीची वाफ थांबली.

"नीट करते. लगेच करते."

"हात लावू नकोस." बाईंनी दुसरा कप न पिता टेबलावर ठेवला. कापड, खडू, कात्री, लॅपटॉप, आणि आता कप. मोडला नियम तर मोडला. कात्री कमरेला घट्ट करून त्या कोपऱ्याकडे चालू लागल्या. "यंत्रातल्या बाणाला विचारून मी आजवर बसले नाही."

खुर्चीच्या हातावरचा कप अर्धा झाला होता. चिंध्यांच्या उशीत बसलेल्या माणसाएवढा खळगा पडला होता.

बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सरक," त्या म्हणाल्या.

उशीतला खळगा हळूच एका बाजूला झाला.