उशिरा उघडणारी झडप

पंखा ठणठणीत होता. वायरी नव्या होत्या. झडपेला आदल्याच आठवड्यात तेल पाजलं होतं. तरीही पाचव्या बोगद्याची झडप वेळेवर उघडत नव्हती, आणि का उघडत नाही हे कुसळीच्या खाणीत कुणालाच सांगता येत नव्हतं.

झडप थोडी उशिरा उघडली तर एवढं काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. सांगतो. कुसळी ही वर्धा नदीच्या काठची, कधीच बंद पडलेली कोळशाची खाण. कोळसा काढणं थांबलं, पण उन्हाळे असे तापू लागले की चैत्र सरता सरता वरच्या गावात माणूस जगेनासा झाला. पारा पंचावन्नाच्या पुढे जायचा. झाडावर बसलेली पाखरं टपकन खाली पडायची. मग गावानं भांडीकुंडी, शेळ्या आणि शाळेचा फळा उचलला आणि गाव खाणीत उतरलं. जमिनीखाली गारवा होता. चांगली हवा मात्र नव्हती.

कोळशाच्या जुन्या भेगांतून तिथं मेली हवा (जिच्यातला प्राणवायू संपलेला आहे अशी जड हवा) झिरपत असे. तिला वास नाही, रंग नाही. ती जमिनीलगत साचते आणि तिच्यात झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून प्रत्येक बोगद्यात एक संवेदक (हवा तपासणारं छोटं यंत्र) बसवला होता. हवा बिघडली असं संवेदकानं कळवलं की नियंत्रण खोलीतला संगणक त्या बोगद्याच्या छतातली झडप उघडायचा, आणि पंख्याची ताजी हवा आत यायची. सगळ्या झडपा कायम उघड्या ठेवता येतील इतका मोठा पंखा गावाकडे नव्हता. झडपा हाताने उघडायची चाकं गंजून तुटली होती. सगळी भिस्त त्या एका संगणकावर होती आणि तो म्हातारा झाला होता. नवा आणायचा कुठून? शहराकडचे ट्रक येणं बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती.

पाचवा बोगदा सगळ्यात शेवटचा. तिथं रेवती मेश्राम राहायची, तिची आई आणि रांगायला लागलेला भाऊ नकुल यांच्यासोबत. तिचे बाबा मागच्या उन्हाळ्यात वर वीज देणाऱ्या सौर पाट्या दुरुस्त करायला गेले आणि उन्हानं तिथेच गेले. आणि गेल्या आठवड्यात शेजारच्या तानाबाई शेंडे सकाळी उठल्याच नाहीत. झडप उघडली होती, पण फार उशिरा.

खाणीत माणूस गेलं की भिंतीवर दिवा लागायचा. मोठ्या बोगद्यात अशी दिव्यांची एक लांबच लांब भिंत होती. दिवा इवलासा, पण त्याची एक गंमत होती. गेलेल्या माणसाच्या नात्यातलं कुणी समोरून गेलं की तो त्याला ओळखायचा आणि मोठा व्हायचा. रेवती शाळेत जाताना बाबांच्या दिव्याखाली मुद्दाम रेंगाळायची. तो उजळला की तिला वाटायचं, बाबांनी आपल्याला पाहिलं. असं वाटण्यात काही खुळेपणा आहे असं मला वाटत नाही.

तानाबाईंचा दिवा लावायच्या दिवशी सगळं गाव त्या भिंतीसमोर जमलं. आईनं तानाबाईंची शेवटपर्यंत सेवा केली होती, त्यामुळे दिवा लागेपर्यंत तिला तिथून निघता येईना. तिनं रेवतीच्या कानात सांगितलं, "तू होय पुढं. नकुल एकटाच झोपला हाये. त्याले पाहा."

रेवती पाचव्या बोगद्यात शिरली आणि तिला एकदम थकल्यासारखं झालं. डोकं जड झालं. जमिनीवर अंथरलेल्या गोधडीत नकुल पडला होता. ओठ निळसर, हात सैल. तिनं हाक मारली, तो हलला नाही. तिनं त्याला छातीशी धरलं आणि पळत सुटली. मोठ्या बोगद्याच्या तोंडाशी येऊन ती कोसळली, तेव्हा कुठे मागे झडप उघडल्याचा खडाक आवाज आला.

नकुल रडला. ते रडणं ऐकून आई आधी हसली आणि मग मटकन खालीच बसली.

दुसऱ्या दिवशी रेवती शाळेत न जाता तडक नियंत्रण खोलीत गेली. तिथं गुरनुले आबाजी असायचे. एकेकाळी ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. खाणीतला संगणक तेच सांभाळायचे. त्यांनी संगणकाचं झाकण उघडलं होतं आणि ते रंगाच्या ब्रशनं आतली धूळ झाडत होते.

"आबाजी, काल झडप रोजच्यापेक्षाही उशिरा उघडली. कालच काऊन?"

"तेच शोधून राहिलो ना पोरी," आबाजी म्हणाले. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "धूळ साचली की संगणक तापतो, आणि तापला की तो स्वतःच सावकाश चालतो. म्हणून धूळ काढली. मग हार्ड डिस्क (संगणकाचं कायमचं कोठार) भरली असेल म्हणून जुने सिनेमे, जुने फोटो, ढिगानं पुसून टाकले. काही फरक नाही."

"बंद करून पुन्हा चालू केला तर?"

"तेवढा वेळ सगळ्याच झडपा बंद राहतील. एकदा तोही धोका पत्करला. दोन घटका बरा चालला, परत तसाच."

रेवती स्टुलावर बसली. "तो सावकाश चालतो म्हणजे आत नेमकं काय होतं? मले समजेल असं सांगा."

आबाजींनी ब्रश खाली ठेवला. कितीही वैतागलेला असला तरी शिकवणाऱ्या माणसाला असा प्रश्न टाळता येत नाही.

"तुझी आई सामाईक स्वयंपाकघरात भाकरी करते ना? समज, ती प्रोसेसर (संगणकातला प्रत्यक्ष काम करणारा भाग). हात दोनच. एका वेळी एकच भाकर थापणार. मागं धान्याची कोठी आहे, ती म्हणजे हार्ड डिस्क. तिथं पुष्कळ मावतं, पण ती लांब. आणि समोरचा ओटा म्हणजे रॅम (हातातल्या कामापुरती स्मृती). जे आत्ता लागतं ते ओट्यावर हवं. ओटा लहान, पण सगळं हाताशी."

"आणि ओटा भरला तर?"

"तर काय करेल तुझी आई?"

"परात ठेवायला जागा नाही, तर काहीतरी उचलून कोठीत ठेवून येईल."

"आणि तेच पुन्हा लागलं तर?"

"पुन्हा कोठीत जाईल. ते आणेल. मग त्याच्यासाठी दुसरं काही उचलून..." रेवती थांबली. "अख्खा दिवस फेऱ्या मारण्यातच जाईल! भाकरी व्हायच्याच नाहीत."

"बरोबर. संगणक बिचारा आळशी नाही. तो मर मर राबतो आहे, पण फेऱ्या मारण्यात. झडपेची पाळी येईतो वेळ जातो. तुमचा बोगदा शेवटचा, त्यामुळे पाळीही शेवटी."

"म्हणजे तुम्ही कोठी साफ केली, आणि गर्दी ओट्यावर आहे!"

आबाजी स्वतःशीच हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हो. ओटा वाढवायचंही पाहिलं. मेलेल्या संगणकांचे रॅमचे तुकडे काढून याला बसवले. आता खाचच रिकामी नाही."

"मग ओट्यावर आहे तरी काय एवढं?"

आबाजी झाकणाचे स्क्रू लावू लागले.

रेवती विचार करत होती. काल काय वेगळं होतं? काल सगळं गाव भिंतीसमोर होतं. आणि रोजसुद्धा झडप कधी रखडते? सकाळी, शाळेची पोरं भिंतीसमोरून जातात तेव्हा. जेवणाच्या वेळी, मोठी माणसं जातात तेव्हा.

"आबाजी, दिवा आपल्याला ओळखतो तो कसा?"

"दिव्यांना हात लावायचा नाही," आबाजी एकदम ओरडले.

रेवतीनं त्यांना असं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. ती दाराकडे सरकली, पण गेली नाही. नकुलचे निळे ओठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"मी हात नाही लावत. फक्त सांगा."

मग आबाजींनी सांगितलं. खाणीत उतरल्यावर पहिल्याच वर्षी त्यांची मुलगी सुनयना गेली. तिच्यासाठी त्यांनी एक प्रोग्रॅम (संगणकानं काय करायचं त्याच्या सूचनांची मालिका) लिहिला. तो कॅमेऱ्यातून येणारा-जाणारा प्रत्येक चेहरा बघायचा, जवळच्या माणसांच्या फोटोंशी ताडून पाहायचा, आणि जुळला की दिवा मोठा करायचा. मग दुसऱ्या कुणाचं माणूस गेलं. ते रडत आले, आमच्यासाठीही करा. आबाजींनी त्याच प्रोग्रॅमची नक्कल करून दिली. मग तिसरं. मग कितीतरी.

"म्हणजे मी भिंतीसमोरून गेले, की सगळे दिवे मला बघतात? नुसता बाबांचा नाही?"

"सगळे. प्रत्येक जण आपापले फोटो ओट्यावर काढतो आणि विचारतो, ही माझी का? दिवसरात्र. रात्री समोर कुणी नसलं तरी फोटो ओट्यावरच पसरलेले असतात. संगणक पुन्हा सुरू केला तरी ते आपोआप उठतात. मीच तसं लिहिलंय."

पुढचं बोलायची रेवतीला भीती वाटत होती, पण ते कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

"आबाजी, माणूस गेलं की दिवा लागतो. दिवा लागला की संगणक आणखी मंद होतो. झडप आणखी उशिरा उघडते. मग आणखी कुणीतरी जातं. आणि त्याचाही दिवा लागतो."

आबाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी सगळीकडे पाहिलं गं," ते म्हणाले. "तिथंच नाही पाहिलं."

संध्याकाळी गाव जमलं. आबाजींनी ओटा आणि कोठीची गोष्ट पुन्हा सांगितली. लोक शांतपणे ऐकत होते, आणि शेवट ऐकल्यावर एकच कल्लोळ झाला. सिंधू कोवे पुढे आली. तिचा मुलगा बारा वर्षांचा असताना गेला होता.

"एकदा गेला माहा पोरगा," ती म्हणाली. "आता तुम्ही त्याले दुसऱ्यांदा मारून राहिले का?"

"पुसत नाही सिंधू. दिव्याचा प्रोग्रॅम ओट्यावरून उचलून कोठीत ठेवायचा. तिथं तो झोपून राहील. त्याचे फोटो, त्याचं नाव, सगळं जसंच्या तसं. फक्त दिवा लागणार नाही."

"आणि एवढं करून पोरं वाचतील, नक्की?"

आबाजी खोटं बोलू शकले असते. "नक्की नाही सांगता येत," ते म्हणाले. "पण असंच राहिलं तर कुणीतरी जाईल, हे नक्की सांगतो."

आईनं रेवतीकडे पाहिलं. बाबांच्या दिव्याशिवाय उद्या शाळेत कसं जायचं, हे तिला खरंच समजत नव्हतं. तरी ती नियंत्रण खोलीत गेली आणि आबाजींनी पडद्यावर बाबांचं नाव काढून दिल्यावर तिनं कळ दाबली. बाहेर भिंतीवरचा एक दिवा गेला.

"बाबा," ती एवढंच म्हणाली आणि आईच्या पदरात तोंड खुपसून रडली.

मग आबाजींनी सुनयनाचा दिवा बंद केला. मग एकेक जण आलं. काही जण कळेवर बोट ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि कुणी त्यांना घाई केली नाही. सिंधूकाकू सगळ्यांत शेवटी आली. तिनं आधी नकुलला मांडीवर घेतलं, त्याच्या डोक्याचा वास घेतला, आणि मग कळ दाबली.

भिंत काळोखी झाली. लोक अंधारात उभे राहिले आणि आबाजींनी रेवतीला सोबत नेऊन पाचव्या बोगद्यातल्या संवेदकाजवळ, भेगेतून भरून आणलेल्या मेल्या हवेची एक बाटली उघडली. पहिल्यांदा कुणालाच खरं वाटलं नाही. बाटलीचं बूच त्यांच्या हातातच होतं आणि खडाक करून झडप उघडली. वरून हवेचा झोत आला आणि रेवतीचे केस उडाले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तशी ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून रेवती आबाजींकडे प्रोग्रॅम लिहायला शिकू लागली. तिचा बेत सोपा होता. भिंतीला एवढे पहारेकरी कशाला? एकच पुरे. त्या एकानं येणारा चेहरा बघायचा, आणि ज्याचा असेल तेवढाच दिवा कोठीतून उठवायचा. आणि झडपेचं काम आलं की पहारेकऱ्यानं आधी ओटा रिकामा करून द्यायचा. पहिल्या महिन्यात तिच्या प्रोग्रॅमनं शेळ्यांनाच माणसं समजून दिवे लावले. आबाजी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. अजून पुष्कळ काम बाकी आहे, असं ते म्हणाले. पण होईल.

तोवर रेवती रोज त्या अंधाऱ्या भिंतीसमोरून शाळेत गेली. बाबांच्या दिव्याशी ती थांबायची, तो उजळायचा नाही, आणि ती पुढे जायची. तसे तिनं कितीतरी दिवस काढले.

त्या उन्हाळ्यात वर आणखी ऊन पडलं आणि आणखी दोन गावं खाणीत उतरली. पाचव्या बोगद्यात दाटीवाटीनं माणसं झोपू लागली. तरी मेल्या हवेनं कुणी गेलं नाही, आणि त्या भिंतीवर नवा दिवा लावायची वेळ काही आली नाही.