पंचफुलेची घंटा

वैशाखी पौर्णिमेला तीन दिवस उरले होते. साल सत्त्याण्णव. पद्माबाई ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. समोर सरिता येऊन बसली.

पद्माबाईंची तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून गेली. निवृत्तीनंतर त्या लोकांच्या अडलेल्या गोष्टींचा छडा लावून देत. खाजगी गुप्तहेर हा शब्द तेव्हा कळमनुरीत कुणी वापरत नसे. ‘पद्माबाईला विचार’ एवढंच म्हणत.

“मावशी,” सरिता म्हणाली, “बाबाला आई बोलावू लागली.”

शेजारी अमृतराव चहा पीत होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला हा देहानं भारी माणूस पद्माबाईंना स्कूटरवर बसवून गावोगाव नेई. त्यांचा कप बशीवर वाजला.

सरिताचे वडील ग्यानोबा तीस वर्षं जहाजांवर खलाशी होते. दोन वर्षांपूर्वी ते मुंबईहून एक जुनी शिडाची नाव ट्रकवर घालून घेऊन आले आणि ईसापूरच्या धरणाकाठी ठोकळ्यांवर उभी करून दुरुस्त करू लागले. तिला त्यांनी मेलेल्या बायकोचं नाव दिलं, पंचफुला. चौदा वर्षांपूर्वी, धरण भरलं त्या साली, गावात पाणी शिरताना ती घरातलं जातं आणायला परत गेली होती. डोक्यावर जातं, पायाखाली चिखल. ती वर आलीच नाही. ग्यानोबा तेव्हा समुद्रावर होते.

“दोन महिन्यांपासून नावेची घंटा आपोआप वाजते,” सरिता म्हणाली. “सांज झाली, वारा सुटला की. आत कुणी न्हाई. नाव कण्हल्यावानी करते. बाबा म्हणतो, पंचफुलाला पाण्यात जायची घाई झाली. पौर्णिमेला नाव लोटायची अन् आमचं घर बुडालं त्या जागेवर न्यायची. शिडाचा दोर धराया मी पाहिजे. एकट्याला कशी सोडू? पन माझं लेकरू दीड वर्षाचं हाय, मावशी. घंटा कोन वाजवतंय, तेवढं सांगा. मग मी बसते नावेत.”

पद्माबाईंनी चिंचांची परात बाजूला सारली. “अमृतराव, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे?”

“आहे. पण ऊन उतरू द्या, बाई.”

“उतरेलच. मला सांजच पाहायची आहे.”

धरणाचं पाणी आटून खूप मागं गेलं होतं. दूर पाण्यातून जुन्या गावाच्या भिंतींची टोकं वर आली होती, एका चिंचेचं काळं खोड अजून उभं होतं. काठावर ठोकळ्यांवर नाव होती. चोवीस फूट लांब, निळी. दोन्ही बाजूंना टेकूचे वासे, त्यांच्या टोकाशी लाकडी पाचरी. मध्ये उंच डोलकाठी. तिच्या बुडाशी पितळी घंटा.

ग्यानोबांनी नाव दाखवली ती एखाद्यानं घर दाखवावं तशी. फळ्यांच्या फटीत कापूस ठासून वर पुट्टी भरलेली. शिडाला ठिगळं, पण टाके एकसारखे. दोर नवे. पितळी कंदील, होकायंत्र, सगळं घासून लख्ख.

“काही चोरीला गेलं?” पद्माबाईंनी विचारलं.

“खिळा बी न्हाई, ताई. इथं आता दिवसा बी कोन येत न्हाई.”

“आणि तळात काय आहे?”

“तिचं पोट. शिशाच्या लगडी. पयल्याच साली रचल्या अन् वरून फळ्या स्क्रूनं आवळल्या. तवापासून उघडल्या न्हाईत.”

पद्माबाई वाकल्या. फळ्यांना रंग होता, स्क्रूंनाही होता, पण स्क्रूंच्या खाचा चमकत होत्या. त्यांनी एका खाचेवरून नख फिरवलं.

“डोलकाठी कधी उभारली?”

“गेल्या सालच्या होळीला. त्याच साली मे महिन्यात वादळ झालं, शेजारच्या व्यंकटरावाच्या गोठ्याचे पत्रे उडाले. ही दगडावानी उभी. घंटेनं हूं केलं न्हाई.” ते हसले. “तवा पंचफुला आली नव्हती ना.”

शिडीजवळ एक सुकलेला भोपळा पडला होता, त्यावर काजळानं नाक-डोळे काढलेले. पद्माबाईंनी तो पायानं आडवा केला, तो डुलत पुन्हा उभा राहिला.

“नातवाची बाहुली,” ग्यानोबा म्हणाले. “बुडाला शिशाचा तुकडा लावला. पाडली तरी उठते.”

ऊन गेलं. पाण्यावरून वारा आला, त्याला ओल्या मातीचा वास होता. नाव बारीकशी कण्हली. मग घंटा वाजली, एकदाच, अगदी हलकी.

अमृतराव मागं सरकले आणि नावेलाच टेकले. त्यांच्या पाठीमागं नाव हलली. घंटा पुन्हा वाजली.

“बाई,” ते चालत चालत पंधरा पावलं लांब जाऊन म्हणाले, “मी स्कूटर वळवून ठेवतो.”

पद्माबाई मात्र टेकूपाशी बसून जमिनीकडं पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघांना गाठलं. पहिले व्यंकटराव. नाव त्यांच्या शेताच्या बांधाला लागून होती.

“माझ्या म्हशी घंटा ऐकून पान्हा चोरून राहिल्या,” ते म्हणाले. “नाव जावी म्हणून मी नवस बोललो, खोटं काहून बोलू? पन सांजंला मी पारावर असतो. दहा माणसं सांगतील.”

दुसरा बाबूसिंग, धरणावरचा चौकीदार. तो सावलीत जाळं विणत होता.

“बाई, मैं उधर जाता ही नहीं. घंटी बजी कि मैं रेडिओ लगा देता हूँ.”

“जाळ्याला वजन शिशाचं की मातीचं?” अमृतरावांनी दरडावून विचारलं.

“मिट्टी का, साहब. देख लो.”

पद्माबाईंनी पाहिलं. भाजलेल्या मातीचे मणी, जुने, झिजलेले.

तिसरा वैजनाथ सुतार. बैलगाड्या करणारा, ग्यानोबाचा लहानपणापासूनचा मित्र. नावेचं सगळं लाकूडकाम त्यानंच केलं होतं. तो पाचरी ठोकत होता.

“हप्त्याला सैल होऊन राहिल्या,” तो नजर न उचलता म्हणाला. “उन्हानं लाकूड आटतंय.”

“नाव कशी वाटते तुम्हाला?”

“जड. फार जड. आमी गाडी करतो ती हलकी. जितकी हलकी तितकी गुणाची. एकदा ग्यानबाला म्हणलो तसं, तर चार माणसांत हसला. म्हणला, वैजा, तू बैलं हाक.”

“पौर्णिमेला बसणार नावेत?”

हातोडा थांबला. “न्हाई. मी काठावरच बरा. पंचफुला मला राखी बांधायची, बाई. मी वरडत व्हतो, जातं टाक, जातं टाक. न्हाई टाकलं तिनं. त्या दगडानंच नेलं तिला.”

झाडाला त्याची सायकल टेकलेली होती. मागचं चाक वाकडं, दोन ठिकाणी नवीन पंक्चर काढलेलं. हँडलला अवजारांची पिशवी. वैजनाथच्या पांढऱ्या सदऱ्यावर उजव्या खांद्याशी राखाडी पट्टा होता, पेन्सिलीचा फराटा ओढावा तसा.

परतताना अमृतराव म्हणाले, “मला बाबूसिंगचा संशय आहे. रेडिओ कशाला लावतो?”

“भीतीनं. तुम्ही काल स्कूटर वळवलीत, तसाच.”

पौर्णिमेच्या सकाळी काठावर गाव जमलं. ग्यानोबांनी बुद्धवंदना म्हटली. नावेखाली ओंडके घातले होते. सरितानं लेकरू शेजारणीकडं दिलं आणि शिडीवर पाय ठेवला.

“सरिता, खाली उतर,” पद्माबाई म्हणाल्या. “घंटा कोण वाजवतं ते सांगायचं राहिलंय.”

ग्यानोबांचा चेहरा उतरला. “ताई, मला म्हाईत हाय कोन वाजवतं.”

“नाही. ऐका. मागच्या वादळात हीच डोलकाठी, हीच घंटा होती, तरी नाव हलली नाही. आता झुळूक आली तरी हलते. वारा वाढलेला नाही, म्हणजे बदललीय ती नाव. त्या दिवशी अमृतराव टेकले तर ती हलली.”

“मी तेवढा जड आहे,” अमृतराव पुटपुटले.

“नाव तुमच्या वीसपट जड असायला हवी होती. तीस वर्षं मी तान्ही लेकरं तोलली. लेकरू वाळलं की पाळणा जास्त हलतो. टेकूंच्या खाली जमिनीत खोल खड्डे पडलेत, पण आता वासे त्यात नीट बसत नाहीत. पाचरी सैल होतात. उन्हानं असतं तर मागच्या उन्हाळ्यात का झाल्या नाहीत? ही नाव दोन महिने रोज थोडी थोडी हलकी होत होती.”

“पोट,” ग्यानोबा हळूच म्हणाले.

“रंगवलेल्या स्क्रूंच्या खाचा चमकतात. कुणीतरी फळ्या उघडल्या. पण पितळ शाबूत, होकायंत्र शाबूत. चोर पितळ आधी नेतो. बाबूसिंगच्या जाळ्याला माती, त्याला शिसं नकोय. व्यंकटरावांना तर नाव जायलाच हवी, ते तिला हात कशाला लावतील? मग रोज बेधडक नावेत कोण चढतं? खांद्यावर जड पिशवी कोण नेतं, की सदऱ्याला शिशाचा पट्टा लागावा आणि सायकलचं चाक वाकावं?”

वैजनाथ गर्दीतून पुढं आला. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही.

“बहुतेक रोज एक,” तो म्हणाला. “दुपारी ग्यानबा जेवाया गेला की. चाळीस काढल्या. माझ्या भुशाखाली हाईत, एक बी इकली न्हाई.”

“काहून, वैजा?” ग्यानोबांनी विचारलं.

“तू लेकीला घेऊन जाणार व्हतास. पोटात एवढं वजन घेऊन पाण्यावर. मी एकदा पाह्यलंय वजन काय करतं ते. तुला सांगितलं तर हसलास. मग गुमान काढत गेलो. म्हणलो, हलकी असली तर तरंगंल, पोरगी वाचंल.”

 पद्माबाईंनी भोपळ्याची बाहुली उचलली, बुडाचं शिसं नखानं उचकटून काढलं आणि ती वैजनाथच्या हातात ठेवली.

“आता उभी करा.”

त्यानं ती वाळूवर ठेवली. ती आडवी झाली. पुन्हा उभी केली, पुन्हा आडवी झाली.

“गाडीला चाकं धरतात,” पद्माबाई म्हणाल्या. “नावेला धरायला कुणी नसतं. शिडात वारा भरला की ती कलते, आणि तळातलं वजनच तिला परत उभी करतं. आज पहिल्याच वाऱ्याला ही आडवी झाली असती, मधल्या पाण्यात. आत सरिता आणि ग्यानोबा.”

वैजनाथ बाहुलीपाशी तसाच बसून राहिला.  ग्यानोबा त्याच्याजवळ आले.

“म्हणजे दोन महिने,” ते पद्माबाईंना म्हणाले, “ती नव्हतीच?”

“नव्हती. पण घंटा वाजली म्हणून तुम्ही आज वाचलात.”

ग्यानोबांनी मान हलवली. मग वैजनाथला काखेत हात घालून उठवलं. “चल. बैलं हाक. शिसं आन.”

दुपारपर्यंत गाडीतून चाळीस लगडी आल्या. वैजनाथनं स्वतः एकेक जागेवर रचली, फळ्या आवळल्या. नाव पाण्यात गेली. सुकलेल्या फटींतून पाणी झिरपलं. दोन दिवस तिला काठाशी बांधून ठेवलं. लाकूड फुगलं, फटी मिटल्या.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर शीड चढलं. सरितानं दोर धरला. काठावर वैजनाथ उभा होता. ग्यानोबांनी नुसता हात पुढं केला. चौदा वर्षं त्यानं या पाण्याला पाय लावला नव्हता. तो आत आला आणि तळाच्या फळ्यांवर, शिशाच्या बरोबर वर, मांडी घालून बसला.

पद्माबाई आणि अमृतराव काठावरून पाहत होते. नाव बुडालेल्या भिंतींजवळ पोचली तेव्हा वाऱ्याची एक थाप आली. शीड फुगलं, नाव कलली. घंटा वाजली. वैजनाथनं दोन्ही हातांनी कड धरली, डोळे मिटले.

नाव क्षणभर तशीच राहिली. मग सावकाश सरळ झाली.

वैजनाथनं डोळे उघडले. खाली भिंतींवरून पाणी सरकत होतं.

“उठली,” तो म्हणाला.