स्टुलावरचा सल्ला

भर दुपारी पाऊस आला आणि ती दुकानात शिरली ती उघड्या छत्रीसकट. छत्री दाराला अडली. मग काही वेळ ती निम्मी दुकानात आणि निम्मी पावसात, अशी उभी राहिली.

"आधी छत्री मिटा," आतून आवाज आला, "मग तुम्ही या."

आवाज त्याचा होता. बाजारात त्याला सगळे जोडारी म्हणत. सुटे भाग आणून त्यांचे गेम खेळायचे कॉम्प्युटर जोडून देणं हा त्याचा धंदा. दुकान आत्याचं. ती गल्ल्यावर बसे, तो मागच्या टेबलावर. आत्यानंच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे दोघांच्या स्वभावात फारसा फरक नव्हता. फक्त आत्या मनातलं बोलून दाखवी आणि तो बोलत नसे.

"मला एक लांब केबल हवी होती," केसांतलं पाणी झटकत ती म्हणाली. "टीव्हीला लावायची. गेमसाठी…"

गेम हा शब्द त्या दुकानात जपून काढावा लागतो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. जोडारी उठून पुढं आला. हनुवटीवर राखाडी रंगाच्या पेस्टचा एक ठिपका, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि चेहऱ्यावर धर्मोपदेशकाची कळकळ.

"कन्सोल घ्यायचा की पीसी, हे ठरवलंय का?"

"नाही, म्हणजे मला फक्त—"

"बसा."

काउंटरसमोर एक उंच स्टूल होतं. कन्सोल की पीसी या प्रश्नानं पछाडलेल्या माणसाला जोडारी त्यावर बसवी, तीन प्रश्न विचारी आणि खरा सल्ला फुकट देई. हा सल्ला निम्म्या वेळा असा असे, की समोरच्या दुकानात जा आणि कन्सोल घ्या. समोरचा दुकानदार यामुळे इतका उपकृत झाला होता, की जोडारीचा विषय निघाला की त्याचा गळा दाटून येई. आत्याचा गळाही दाटून येई, पण वेगळ्या कारणानं.

ती त्या ठिपक्याकडे बघत होती. मग बसली.

"पहिला प्रश्न. खेळताना बसणार कुठं? टेबलाशी की टीव्हीसमोर?"

"सोफ्यावर. खरं सांगू? आडवी."

"कुणाबरोबर खेळणार?"

"धाकट्या भावाबरोबर. तो लांब असतो, नोकरीला. फोनवर 'बरा आहे' यापलीकडे काही सांगत नाही. पण खेळायला बसला की सगळं सांगतो… साहेब कसा आहे, जेवला का, कोण आवडतंय." ती हसली. "समोर शत्रू असला की माणसं मोकळी बोलतात."

जोडारीनं चष्मा पुसला. त्याला पुसण्याची गरज नव्हती.

"तिसरा. मशीन बिघडलं, काही नवीन टाकायचं निघालं, तर तुमची निस्तरायची तयारी किती?"

"शून्य. मी भूलतज्ज्ञ आहे. दिवसभर यंत्रांवरच नजर ठेवून असते. घरी गेल्यावर मला एक बटण दाबायचं असतं… बस्स. त्यात आम्हा लोकांचं दुःख तुम्हाला माहीत नाही."

"काय?"

"मी जरा बोलायला लागले की समोरचा माणूस झोपतो."

जोडारी हसला. तो हसला की आवाज येत नसे, फक्त खांदे हलत. तिनं ते पाहिलं आणि नजर चटकन केबलींच्या फळीकडे वळवली.

आता यात विचार करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. सोफा, टीव्ही, भाऊ आणि एक बटण! इतकं स्वच्छ कन्सोलचं गिऱ्हाईक त्या स्टुलावर आजवर बसलं नव्हतं. आत्यानं समोरचं दुकान दाखवायला हात उचललासुद्धा.

पण जोडारीच्या डोक्यात भलतंच चालू झालं होतं. कन्सोल हे मोठं सुखी यंत्र आहे. खोक्यातून काढायचं, टीव्हीला लावायचं आणि खेळायचं. त्यात दुकानदाराला काही काम राहत नाही, आणि म्हणूनच कन्सोल घेतलेला माणूस पुन्हा कधी दिसत नाही. पीसीवाला मात्र येत राहतो. पंखा वाजतो म्हणून येतो, मेमरी वाढवायची म्हणून येतो, काहीच नसलं तर शंका घेऊन येतो. खरं बोलावं, तर ही छत्री उघडून आत्ता निघून जाणार, आणि प्रश्न कायमचा सुटणार. प्रश्न सुटल्याचं इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

"तुम्ही…" तो म्हणाला, आणि थांबला. "तुम्ही पीसी घ्या."

आत्याचा हात हवेतच राहिला. मग तिनं त्या हातानं उगाच कान खाजवला.

"पीसी?" स्टुलावरून ती म्हणाली. "महाग पडतो ना पण?"

"सुरुवातीला जवळजवळ दुप्पट. पण कन्सोल घेताना स्वस्त आणि सांभाळताना महाग. एकेक गेम पुऱ्या किमतीला घ्यावा लागतो. बऱ्याच गेमांत भावाशी खेळायची वर्गणी वेगळी. पीसीवर गेम सवलतीत मिळतात, वर्गणीही बहुतेक लागत नाही. चार वर्षांनी जुना वाटला तर एक भाग बदलला की झालं. शिवाय अभ्यास, वाचन, सगळं त्याच्यावर…"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. चांगली लबाडी करायची तर वाक्यं अशीच निवडावी लागतात.

"अभ्यासाला मला कॉम्प्युटर हवाच होता म्हणा," ती हळूच म्हणाली. आणि केबल घेऊन गेली. ती केबल कशाला नेतेय हे विचारायचं जोडारीला सुचलं नाही. आत्याला सुचलं होतं, पण आत्या कधीकधी गप्पही बसते.

यानंतरचे आठवडे दुकानाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावे असे गेले. एक कॅबिनेट, म्हणजे पीसीचं खोकं, निवडायला ती दोनदा आली. कीबोर्डसाठी तर तिनं प्रत्येक कीबोर्डवर बोटं वाजवून पाहिली.

"हा फार बोलका आहे," ती म्हणाली.

"हा घ्या मग. दाबला तरी बोलत नाही."

"तुमच्यासारखा?"

जोडारीचे कान लाल झाले. "मी… दाबल्यावर बोलतो."

"कुठं दाबायचं ते सांगून ठेवा," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच धीटपणाला घाबरून माउसच्या किमती वाचू लागली.

"अरे राजा," ती गेल्यावर आत्या म्हणाली, "त्या मुलीला खरं काय ते सांगणार आहेस का? सोफ्यावर आडवं पडून खेळणारी बाई ती. तिच्या गळ्यात हे धूड कशाला मारतोस?"

"सांगतो ना. आधी जोडून तर होऊ दे."

"जोडून झाल्यावर सांगतात ती माफी असते, सल्ला नसतो."

ते त्याला लागलं. कारण स्टूल हीच त्याची एकुलती एक मिळकत होती. त्याच्या शब्दावर माणसं डोळे मिटून समोरच्या दुकानात जात. आणि ज्या एका माणसानं आपल्यावर विश्वास ठेवावा असं त्याला मनापासून वाटत होतं, तिलाच त्यानं वाकडा सल्ला दिला होता.

पीसी जोडायच्या दिवशी ती मुद्दाम हजर राहिली.

"मी बघितलं तर चालेल? ऑपरेशन बघायची सवय आहे मला. मध्ये बोलणार नाही."

ती खरोखर मध्ये बोलली नाही. फक्त टेबलाशी कोपर टेकून उभी राहिली, आणि तो हात पुढं करी तेव्हा नेमका हवा तो स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवत गेली. एकदा स्क्रू ठेवून झाल्यावर बोटं लगेच उचलली गेली नाहीत. बाहेर रिमझिम चालू होती. जोडारीनं प्रोसेसरवर पेस्टचा ठिपका टाकला, वर तो थंड ठेवणारा कूलर बसवला, चारी स्क्रू आवळले… आणि डोळे वर केले तर ती त्याच्याकडेच बघत होती.

"हनुवटीला लागलंय तुमच्या," ती म्हणाली. "त्या दिवसासारखंच."

पीसी तिच्या घरी गेला. पुढच्या रविवारी सकाळी दुकानात फोन वाजला.

"पेशंटला ताप आहे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी कामावरचा होता. "नुसता ठेवला तर बरा असतो. गेम सुरू केला की आकडा शंभराकडे जातो आणि शुद्ध हरपते."

"मी येतो," जोडारी म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण पत्ता विचारलेला नाही. आत्यानं तो लिहून समोर धरला.

तिचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीत दोन कुंड्या, टीव्ही, त्याखाली बंद कपाट, समोर एक प्रशस्त सोफा. कोपऱ्यातल्या टेबलावर पीसी अवघडून बसला होता, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा. जोडारीनं कॅबिनेट उघडलं, कूलर सोडवला, उलटा केला आणि… तसाच बसून राहिला.

"काय झालं?"

त्यानं कूलर तिच्यासमोर धरला. तळाला पारदर्शक प्लास्टिकची पातळ फिल्म होती. नवीन कूलरला ती कारखान्यातूनच येते. लावण्याआधी सोलून काढायची असते, नाहीतर प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नीट पोचत नाही. फिल्मवर लाल अक्षरांत लिहिलंही होतं, 'बसवण्यापूर्वी काढा.'

"हे नवशिके विसरतात," तो म्हणाला. "मी शिकाऊ होतो तेव्हासुद्धा विसरलो नव्हतो."

"मग आता कसं विसरलात?"

बोलायचं तर हीच वेळ होती. तिनं दाबायचं ते नेमकं दाबलं होतं.

"तुम्ही टेबलाशी उभ्या होता," जोडारी म्हणाला. "आणि… दुसरंही सांगायचंय. तुम्हाला पीसीची गरज नव्हती. तुमची तिन्ही उत्तरं कन्सोलची होती. मी म्हणालो ते खरं होतं, पण तुमच्यासाठी नव्हतं. कन्सोल घेतला असता तर तुम्ही परत आला नसता. म्हणून… मी हा घेऊन जातो. पैसे पूर्ण परत देतो. कन्सोल समोरच्याकडून मी स्वतः आणून लावून देईन."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं आणि भीतीही वाटली. हा माणूस आता स्टुलावर कुणाला बसवणार, असा प्रश्न त्याला स्वतःलाच पडला होता.

ती वळली. टीव्हीजवळ गेली आणि खालचं कपाट उघडलं.

आत कन्सोल होता. चांगला वापरातला, कंट्रोलरचा रंग अंगठ्याखाली झिजलेला. मागून एक लांब केबल टीव्हीकडे गेली होती. ती केबल जोडारीच्याच दुकानातली होती.

"हा… कधी घेतलात?"

"तुला भेटायच्या कितीतरी आधी," ती म्हणाली. तुम्हीचं तू कुठं झालं, ते दोघांनाही कळलं आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही. "सोफा सरकवला आणि जुनी केबल तोकडी पडली. तेवढीच घ्यायला आले होते. तू बोलूच देईनास."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर केबल देऊन मोकळा झाला असतास." ती सोफ्याच्या हातावर टेकली. "नंतर येऊन रोज एकेक केबल मागता आली असती. स्वस्त पडलं असतं… पण शोभलं नसतं. आणि तू पीसी म्हणालास ना, तेव्हाच मला कळलं. माझी उत्तरं ऐकून समोरचं दुकान दाखवायला तुझ्या आत्याचा हात वर गेला होता. इतकं उघड खोटं माझ्यासाठी आजवर कुणी बोललं नव्हतं."

जोडारीचे खांदे हलू लागले. तिचेही.

मग त्यानं फिल्म सोलली. नखानं कोपरा उचलून, सावकाश, एका ओढीत. नवी पेस्ट लावली, कूलर बसवला, गेम सुरू केला. दोघं आकड्याकडे बघत राहिले.

"पासष्ट," ती म्हणाली. "स्थिर आहे." आणि तिनं त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. जरा वेळ मोजलं. "हे मात्र वाढलंय."

"औषध?"

"निरीक्षणाखाली ठेवावं लागेल. रोज."

संध्याकाळी ती सोफ्यावर आडवी पडून कन्सोलवर खेळली, तो टेबलाशी पीसीवर, आणि लांबच्या गावाहून धाकटा भाऊ. आता वेगवेगळ्या यंत्रांवरूनही एकच गेम खेळता येतो. पहिल्याच डावात जोडारी खड्ड्यात पडला.

"ताई, हा कोण नवीन आणलायस?" भावाचा आवाज आला. "मरतोय सारखा."

"शिकेल," ती म्हणाली. "हा राहणार आहे."

कन्सोल की पीसी यावर जोडारीचं अलीकडे एक नवं मत आहे. एका घरात दोन्ही घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. तिचं एकच समर्थन होऊ शकतं, ते म्हणजे घरात माणसंही दोन असणं.

त्या रात्री जेवताना आत्यानं विचारलं, "काय बिघडलं होतं?"

"एक फिल्म राहिली होती. मध्ये."

"निघाली?"

"निघाली."

आत्यानं त्याला न विचारता आणखी वाढलं.

दोन दिवसांनी ती दुकानात आली. या खेपेला छत्री दाराबाहेरच मिटली होती. काही घ्यायचं नव्हतं, काही बिघडलंही नव्हतं. सवयीनं ती स्टुलाकडे वळली तशी आत्या गल्ल्यावरून उठली, स्वतःची खुर्ची ओढून काउंटरच्या आत ठेवली आणि म्हणाली,

"तिथं नको गं. ते गिऱ्हाइकांसाठी आहे."